लेखन-संरक्षित माध्यमावरून चालणारी घरगुती फायरवॉल

लेखन-संरक्षित माध्यमावरून चालणारी घरगुती फायरवॉल ही संगणक-सुरक्षेतील एक पद्धत आहे. या पद्धतीत घरातील संगणकजाळे व इंटरनेट यांच्यामध्ये बसवलेला संगणक आपली कार्यप्रणाली हार्ड डिस्कवरून सुरू करत नाही. ज्यावर लिहिणे प्रत्यक्ष यांत्रिक वा विद्युत उपायाने बंद केले आहे अशा फ्लॉपी, सीडी किंवा फ्लॅश माध्यमावरून ती सुरू होते. सुरू होताना संपूर्ण प्रणाली मुख्य स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, उलगडली जाते आणि पुढील सर्व काम तेथेच चालते. घुसखोराने चालू यंत्रात काही बदल केलाच, तर तो रॅमपुरता राहतो व यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताच नाहीसा होतो.

ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका फ्लॉपीवर मावणाऱ्या लिनक्स प्रणालींमुळे रूढ झाली आणि २००० च्या दशकात सीडी व कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांमुळे अधिक पसरली. आज तिचे मूळ रूप क्वचित आढळत असले तरी तिच्यामागील तत्त्व घरगुती राउटर, अल्पाइन लिनक्ससारख्या प्रणाली आणि सत्यापित बूट या तंत्रांत टिकून आहे.

संकल्पना

फायरवॉल जाळ्यात ये-जा करणाऱ्या माहितीच्या पुडक्यांची, म्हणजे पॅकेटांची, ठरवून दिलेल्या नियमांनुसार तपासणी करते व नको असलेली पुडकी अडवते. फायरवॉल हाही एक संगणकच असल्यामुळे त्यातील आज्ञावलीत दोष असू शकतात आणि त्या दोषांचा फायदा घेऊन कोणी तिचाच ताबा घेऊ शकतो. राखणदारच फितूर झाल्यास त्याच्या आतील घर उघडे पडते.

ताबा मिळवल्यानंतर घुसखोराला सामान्यतः दोन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे यंत्रावर हवे ते चालवण्याची मुभा आणि दुसरी म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही आपला शिरकाव टिकून राहण्याची सोय. लेखन-संरक्षण यांतील दुसऱ्या गोष्टीवर घाव घालते. पहिलीला ते अटकाव करत नाही. हा फरक या पद्धतीच्या आकलनात मध्यवर्ती आहे. लेखन-संरक्षित फायरवॉल अभेद्य नसते. ती प्रत्येक वेळी ज्ञात व तपासलेल्या स्थितीतून सुरू होते, एवढीच तिची हमी असते.

या पद्धतीचा सुरक्षेशी थेट संबंध नसलेला एक लाभही आहे. माध्यमावर कधीच लिहिले जात नसल्याने वीज अचानक गेली तरी फाइल-प्रणाली बिघडत नाही. यंत्र रीतसर बंद करण्याची गरज उरत नाही आणि फ्लॅश माध्यमाची लेखनाने होणारी झीजही टळते.

कार्यपद्धती

संगणक चालू केल्यावर बायोस ठरलेल्या क्रमाने माध्यमे तपासते आणि त्यांवरील बूटलोडर वाचते. फ्लॉपीसाठी सिसलिनक्स व सीडीसाठी आयसोलिनक्स हे बूटलोडर सर्रास वापरले जात. बूटलोडर कर्नल आणि संकुचित केलेली आरंभीची फाइल-प्रणाली रॅममध्ये उतरवतो. कर्नल ती उलगडतो व रॅममधील त्या जागेलाच डिस्क मानून काम सुरू करतो. त्यानंतर विन्यासाची, म्हणजे सेटिंगांची, फाइल वाचली जाते, जाळ्याच्या दोन्ही जोडण्या जागृत होतात आणि पॅकेट गाळण्याचे नियम लागू होतात. बहुतेक प्रणालींत या टप्प्यानंतर फ्लॉपी किंवा सीडी यंत्रातून काढून कपाटात ठेवली तरी फायरवॉल चालूच राहते.

अशा यंत्राला दोन नेटवर्क कार्डे लागतात. एक इंटरनेट सेवादात्याच्या मोडेमला आणि दुसरे घरातील स्विचला जोडलेले असते. घरातील अनेक उपकरणांना एकाच बाह्य पत्त्यावरून इंटरनेट मिळावे यासाठी पत्त्यांचे रूपांतरणही हेच यंत्र करते. लिनक्सवर हे काम प्रथम आयपीएफडब्ल्यूएडीएम, १९९९ च्या २.२ कर्नलपासून आयपीचेन्स, २००१ च्या २.४ कर्नलपासून आयपीटेबल्स आणि २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून एनएफटेबल्स या साधनांनी होत आले आहे. ओपनबीएसडीने २००१ मध्ये पीएफ हे स्वतःचे गाळणीतंत्र आणले आणि ते पुढे फ्रीबीएसडीवरही आले.

इतिहास

पूर्वपीठिका

बूट माध्यमावरील लेखन बंद ठेवण्याची सवय फायरवॉलपेक्षा जुनी आहे. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ब्रेन हा आयबीएम पीसीवरील सर्वांत आरंभीच्या विषाणूंपैकी एक होय. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सर्वप्रथम वाचतो त्या भागात, स्वतःची प्रत लिहीत असे. त्यानंतरचे स्टोन्ड व मायकेलँजेलो हे विषाणूही याच मार्गाने पसरले. मायकेलँजेलो हा दरवर्षी ६ मार्चला डिस्कवरील माहितीवर आघात करण्यासाठी रचलेला होता व १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती घेतली गेली.

त्या काळात संगणक-प्रयोगशाळांमधून एक साधी शिस्त शिकवली जाई. स्वच्छ संगणकावर बूट फ्लॉपी तयार करायची, तिचे लेखन बंद करायचे आणि संशयित संगणक नेहमी तिच्यावरूनच सुरू करून तपासायचा. लेखन-संरक्षित फायरवॉल हा याच शिस्तीचा विस्तार आहे. फरक इतकाच की, तेथे तपासणीपुरती वापरायची फ्लॉपी येथे रोजच्या कामाची झाली.

फ्लॉपीचे युग

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्ह सिनेज यांनी लिनक्स राउटर प्रोजेक्ट हा प्रकल्प सुरू केला. साडेतीन इंची फ्लॉपीची नेहमीची क्षमता १.४४ मेगाबाइट असते. वेगळ्या पद्धतीने आखणी करून ती सुमारे १.६८ मेगाबाइटपर्यंत वाढवली जाई आणि तेवढ्या जागेत कर्नल, मूलभूत आज्ञा व जाळ्याची साधने बसवली जात. ४८६ प्रोसेसरचा, हार्ड डिस्क नसलेला टाकाऊ संगणक यामुळे राउटर म्हणून वापरता येऊ लागला.

हा प्रकल्प पुढे बंद पडला. त्याच्या परंपरेतून लीफ हा प्रकल्प उभा राहिला आणि त्याची बेरिंग ही आवृत्ती विशेष वापरली गेली. याच सुमारास कोयोटी लिनक्स, फ्लॉपीएफडब्ल्यू व फ्रेस्को या एका फ्लॉपीवरील इतर प्रणालीही घरगुती वापरकर्त्यांत परिचित होत्या. विन्यासात बदल करायचा झाल्यास फ्लॉपीची सरकपट्टी उघडायची, बदल जतन करायचा, पट्टी पुन्हा लावायची आणि यंत्र नव्याने सुरू करून पाहायचे, अशी रीत होती.

सीडीचे व कार्डाचे युग

फ्लॉपीची दोन दुखणी होती. जागा अपुरी पडे आणि चुंबकीय पृष्ठभाग खराब होऊन ऐन वेळी ती वाचली जात नसे. सीडी-रॉमने जागेचा प्रश्न सोडवला. डेव्हिल-लिनक्स या प्रणालीत कार्यप्रणाली सीडीवर आणि विन्यास फ्लॉपीवर किंवा यूएसबी स्टिकवर अशी विभागणी होती.

या काळातील सर्वांत प्रभावी प्रकल्प म्हणजे मॅन्युएल कास्पर यांची मोनोवॉल ही फ्रीबीएसडीवर आधारित फायरवॉल. तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती १५ फेब्रुवारी २००३ रोजी प्रसिद्ध झाली. ती सीडीवरून चालवून विन्यास फ्लॉपीवर ठेवता येई किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावरून छोट्या, पंखा नसलेल्या संगणकावर चालवता येई. तिचा सगळा विन्यास एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असे आणि ब्राउझरमधून बदलता येई. त्यामुळे आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्या गृहस्थालाही फायरवॉल सांभाळणे शक्य झाले. २००४ मध्ये तिच्यापासून पीएफसेन्स हा प्रकल्प फुटून निघाला. बरोबर बारा वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०१५ रोजी, कास्पर यांनी मोनोवॉलचे काम थांबवल्याचे जाहीर केले आणि वापरकर्त्यांना त्याच वर्षी सुरू झालेल्या ओपीएनसेन्स या प्रकल्पाकडे वळण्याचे सुचवले.

माध्यमे व त्यांच्या संरक्षणाची विश्वासार्हता

‘लेखन-संरक्षित’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. खरा प्रश्न असतो तो लेखन नेमके कोण अडवते हा. अडवणारा घटक यंत्राच्या ताब्यात असलेल्या आज्ञावलीच्या आवाक्याबाहेर असेल तरच संरक्षण खरे मानले जाते.

• साडेतीन इंची फ्लॉपी : कोपऱ्यातील सरकपट्टी हलवून छिद्र उघडे ठेवले की लेखन बंद होते. फ्लॉपी ड्राइव्हचे स्वतःचे विद्युतमंडल हे छिद्र ओळखून लेखन रोखते, त्यामुळे संगणकावरील आज्ञावलीला ते ओलांडता येत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीत रीत उलटी होती. तेथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होत असे.

• सीडी-आर : एकदा कोरून बंद केलेल्या तबकडीवरील मजकूर बदलून दुसरा लिहिता येत नाही. तरीही यंत्रात सीडी लिहिणारा ड्राइव्ह ठेवण्यापेक्षा केवळ वाचणारा ड्राइव्ह बसवणे अधिक योग्य समजले जाते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू या कामासाठी टाळली जाते.

• एसडी कार्ड : कडेला असलेली सरकपट्टी फसवी असते. तिचा कार्डाच्या आतील मंडलाशी संबंध नसतो. पट्टी कोठे आहे हे कार्ड वाचणारे उपकरण पाहते व संगणकाला कळवते. तिचा मान ठेवायचा की नाही हे उपकरण आणि त्याची आज्ञावली ठरवतात. मायक्रोएसडी कार्डाला अशी पट्टीच नसते. एसडी कार्डांच्या अंतर्गत नोंदीत तात्पुरते व कायमचे लेखन बंद करणारे संकेत असतात आणि ते कार्ड स्वतः पाळते, पण ते बसवण्यासाठी विशेष साधन लागते. शिवाय कायमचा संकेत एकदा बसवला की मागे घेता येत नाही.

• यूएसबी स्टिक : लेखन बंद करणारे बटण असलेल्या स्टिक थोड्याच उत्पादकांकडे मिळतात. चांगल्या स्टिकमध्ये हे काम आतील नियंत्रक चिप करते. मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये कार्स्टन नोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅडयूएसबी या नावाने दाखवून दिले की, काही यूएसबी उपकरणांच्या नियंत्रकातील आज्ञावलीच बदलता येते. त्यामुळे अशा बटणावरील विश्वास हा त्या नियंत्रकावरील विश्वास ठरतो.

• कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड व हार्ड डिस्क : सर्वसाधारण कार्डांना व डिस्कांना लेखन बंद करण्याची कळ नसते. येथे फाइल-प्रणाली ‘केवळ वाचनासाठी’ जोडली जाते. यंत्राचे सर्वाधिकार मिळवलेल्या घुसखोराला ती एका आज्ञेने पुन्हा लेखनयोग्य करता येते. वीज गेल्यावरच्या बिघाडापासून हा उपाय वाचवतो, घुसखोरापासून नव्हे.

विन्यासाची साठवण

कार्यप्रणाली सर्वांसाठी सारखी असू शकते, पण विन्यास प्रत्येक घराचा वेगळा असतो. इंटरनेट जोडणीचे नाव व पासवर्ड, घरातील उपकरणांचे पत्ते, कोणते दार उघडे व कोणते बंद याचे नियम हे सारे त्यात येते. म्हणून बहुतेक प्रणालींत कार्यप्रणाली एका माध्यमावर व विन्यास दुसऱ्या छोट्या माध्यमावर ठेवला जातो. विन्यासाचे माध्यम लेखनासाठी उघडे राहिल्यास मूळ हेतू निम्मा बाद होतो. घुसखोराने विन्यासातच बदल करून ठेवला तर स्वच्छ कार्यप्रणाली दर वेळी तोच दूषित विन्यास निमूटपणे लागू करते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे डीएनएसचेंजर हा हानिकारक आज्ञावलीचा प्रकार. तो संगणकातील, तसेच मूळ पासवर्ड न बदललेल्या घरगुती राउटरमधील, डीएनएस सर्व्हरचे पत्ते बदलत असे. त्यामुळे वापरकर्त्याने योग्य संकेतस्थळाचे नाव टंकले तरी तो भलत्याच ठिकाणी पोहोचे. या टोळीचे सर्व्हर ताब्यात आल्यानंतर अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर चालवले गेले व ९ जुलै २०१२ रोजी ते बंद करण्यात आले. या प्रकारात कार्यप्रणालीची एकही फाइल बदलण्याची गरज नसते. विन्यासातील दोन ओळी पुरतात.

रॅममध्ये चालणाऱ्या यंत्राच्या साठवणीबाबत आणखी काही अडचणी येतात. नोंदवह्या, म्हणजे लॉग, यंत्र बंद होताच पुसल्या जातात, म्हणून त्या घरातील दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची व्यवस्था करावी लागते. दुरून प्रवेशासाठी लागणारी गुप्त किल्ली माध्यमावर ठेवली तर माध्यमाची प्रत मिळवणाऱ्याला ती मिळते आणि दर वेळी नवी तयार केली तर जोडणाऱ्या संगणकाला ते यंत्र अनोळखी वाटून तो इशारा देतो. रास्पबेरी पायसारख्या काही छोट्या संगणकांच्या अनेक नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. तेथे वेळ इंटरनेटवरून मिळेपर्यंत तारीख चुकीची राहते व प्रमाणपत्रांची पडताळणी फसू शकते.

अद्ययावत ठेवण्याची पद्धत

लेखन-संरक्षित प्रणाली आपोआप अद्ययावत होऊ शकत नाही. सुधारित आवृत्ती आली की दुसऱ्या संगणकावर तिची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी लागते. प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या डिजिटल स्वाक्षरीशी किंवा शा-२५६ बेरजेशी ती जुळते का हे पडताळले जाते. मग नवी सीडी कोरून किंवा नवे कार्ड लिहून, लेखन बंद करून, यंत्र तिच्यावरून सुरू केले जाते. जुने माध्यम तारीख घालून जपून ठेवल्यास नव्या आवृत्तीत अडचण आली तर लगेच मागे जाता येते.

व्यवहारात याच टप्प्यावर ही पद्धत सर्वाधिक कमकुवत ठरते. नवी सीडी कोरण्याचा कंटाळा केला जातो आणि फायरवॉल वर्षानुवर्षे जुन्याच आवृत्तीवर चालत राहते. तिच्यातील दोष तोवर जगजाहीर झालेले असतात. असे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर स्वच्छ होते खरे. परंतु ज्या फटीतून घुसखोर आला ती फटही जशीच्या तशी परत येते आणि त्याच मार्गाने तो काही मिनिटांत पुन्हा आत येऊ शकतो.

प्रत्यक्ष हल्ल्यांच्या संदर्भात

सप्टेंबर व ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई या हानिकारक आज्ञावलीने कॅमेरे, डीव्हीआर व राउटर अशी उपकरणे मूळ पासवर्ड वापरून काबीज केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. मिराई केवळ रॅममध्ये राहत असे. उपकरण बंद करून सुरू केले की ती जाई, पण पासवर्ड तोच राहिल्यास थोड्याच वेळात परत येई. म्हणजे येथे लेखन-संरक्षणाने कोणताही जादा लाभ झाला नसता. पासवर्ड बदलणे हाच उपाय होता.

याउलट मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टरची रचना होती. सिस्कोच्या टॅलोस या संशोधन विभागाच्या अंदाजानुसार ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे, प्रामुख्याने घरगुती व छोट्या कार्यालयांतील राउटर, तिच्या तावडीत सापडली होती. तिचा पहिला टप्पा उपकरणाच्या कायमस्वरूपी साठवणीत स्वतःला लिहून ठेवत असे व उपकरण पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राही. अमेरिकेच्या एफबीआयने राउटर बंद करून सुरू करण्याचे जाहीर आवाहन केले. त्याने पुढचे टप्पे पुसले जात, पहिला मात्र जात नसे. तो काढण्यासाठी उपकरण कारखान्यातील मूळ स्थितीला आणावे लागे. माध्यमावर लिहिणे खरोखरच बंद असते तर हा पहिला टप्पा टिकला नसता.

ही दोन उदाहरणे एकत्र पाहिली असता पद्धतीची मर्यादा व उपयुक्तता दोन्ही स्पष्ट होतात.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती दूरध्वनीवरून तात्पुरती जोडली जाणारी असल्याने घरगुती फायरवॉलची निकड फारशी भासत नव्हती. ऑक्टोबर २००४ मधील ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची, सदैव चालू जोडणी ही ब्रॉडबँडची व्याख्या ठरवली. त्यानंतर घराघरांत मोडेम कायम चालू राहू लागले. हे मोडेम स्वतःच छोटे राउटर असतात आणि अनेकांचे मूळ पासवर्ड कधी बदललेच जात नाहीत. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या अशा अनेक मोडेमना हानिकारक आज्ञावलीची बाधा होऊन ग्राहकांची सेवा खंडित झाली व कंपनीला पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले.

बूट क्षेत्रावरील लेखनाने किती अनर्थ होतो याचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या आज्ञावलीने विंडोज संगणकांचा बूट विभाग बदलून ते निकामी केले. मर्स्क समूहाला त्याची झळ बसली तेव्हा नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालवले आहे. बाधित संगणक व उपकरणांची माहिती सेवादात्यांमार्फत ग्राहकांना देणे आणि सफाईची साधने मोफत उपलब्ध करून देणे हे त्याचे काम आहे.

वीजपुरवठ्याचा प्रश्न या पद्धतीला स्थानिक महत्त्व देतो. पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याची किनारपट्टी याचे उदाहरण आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार पट्ट्यात पाणी साचून अनेक भागांची वीज बंद राहिली. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानेही या भागातील वीजवाहिन्यांचे मोठे नुकसान केले. गास, निर्मळ, भुईगाव यांसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत पावसाळ्यात वीज येण्याजाण्याचे प्रसंग घडतात. हार्ड डिस्कवर सतत लिहिणारे यंत्र अशा वेळी अर्धवट लिहिलेल्या फाइलींमुळे सुरू होण्यास नकार देऊ शकते. लेखन-संरक्षित यंत्र मात्र वीज येताच कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ववत उभे राहते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत ड्राइव्हची भिंग व कार्डांचे धातूचे संपर्कबिंदू खराब होण्याचा धोका मात्र राहतोच. त्यामुळे माध्यमाची दुसरी प्रत कोरड्या जागी ठेवणे आवश्यक असते.

विजेच्या खर्चाचाही विचार करावा लागतो. ६० वॅट वीज घेणारा जुना टेबलावरचा संगणक अहोरात्र चालू ठेवल्यास ३० दिवसांत सुमारे ४३ युनिट वीज लागते. १० वॅटच्या छोट्या पंखाविरहित संगणकाला तेवढ्याच काळात सुमारे ७ युनिट पुरतात. फुकट मिळालेला जुना संगणक त्यामुळे वर्षभरात स्वस्त राहत नाही. छोट्या यंत्राला इन्व्हर्टरवर अधिक काळ चालवता येते हाही त्याचा फायदा आहे.

मर्यादा व आक्षेप

या पद्धतीवर घेतले जाणारे मुख्य आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला आक्षेप खोट्या निश्चिंतपणाचा. माध्यम सुरक्षित आहे म्हणजे चालू यंत्रही सुरक्षित आहे असा समज होतो. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या फायरवॉलच्या रॅममध्ये घुसखोर तितकाच काळ सुखेनैव राहू शकतो. म्हणून यंत्र ठरावीक काळाने पुन्हा सुरू करणे हा पद्धतीचाच भाग मानला जातो. मात्र घुसखोरीची शंका असेल तर आधी नोंदी बाहेर काढून घ्याव्या लागतात, कारण पुनरारंभाबरोबर पुरावाही पुसला जातो.

दुसरा आक्षेप संरक्षणाच्या कक्षेचा. बायोस, नेटवर्क कार्ड व सेवादात्याचा मोडेम यांतील आज्ञावली स्वतंत्र चिपांवर असतात आणि सीडीचे लेखन बंद केल्याने त्या सुरक्षित होत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, फायरवॉलच्या आतून होणाऱ्या चुका ती रोखू शकत नाही. बँकेच्या नावाने आलेल्या फसव्या दुव्यावर घरातील व्यक्तीने स्वतः पासवर्ड टंकला तर पॅकेट गाळणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो नेहमीचाच व्यवहार असतो.

आयपीव्ही६ च्या प्रसारामुळे नियमांच्या अचूकतेला अधिक महत्त्व आले आहे. पूर्वी पत्त्यांच्या रूपांतरणामुळे घरातील उपकरणे बाहेरून थेट दिसत नसत. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर पोहोचू शकणारा पत्ता मिळू शकतो. फायरवॉलच्या जुन्या सीडीवर केवळ आयपीव्ही४ चे नियम असतील आणि यंत्र आयपीव्ही६ ची पुडकी पुढे पाठवत असेल, तर एक दार कुलूपबंद आणि शेजारचे सताड उघडे अशी स्थिती होते.

सद्यस्थिती

फ्लॉपी व सीडी ड्राइव्ह नव्या संगणकांतून जवळपास नाहीसे झाल्याने पद्धतीचे मूळ रूप मागे पडले आहे. पीएफसेन्सने ऑक्टोबर २०१७ मधील २.४ आवृत्तीपासून बव्हंशी केवळ-वाचन पद्धतीने चालणारी नॅनोबीएसडी आवृत्ती बंद केली. अल्पाइन लिनक्समध्ये मात्र ही परंपरा स्पष्ट दिसते. लीफ प्रकल्पाची शाखा म्हणून नातानाएल कोपा यांनी सुरू केलेली ही प्रणाली आज कंटेनर तंत्रामुळे प्रसिद्ध असली, तरी तिचा ‘डिस्कलेस’ प्रकार अजूनही रॅममध्ये चालतो. केलेले बदल ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा देईपर्यंत माध्यमावर लिहिले जात नाहीत.

घरगुती राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत स्क्वॅशएफएस हा केवळ वाचता येणारा थर खाली आणि लेखनयोग्य थर त्यावर असतो. वरचा थर पुसून राउटर मूळ स्थितीला आणता येतो. येथील खालचा थर रचनेने केवळ-वाचन आहे, यांत्रिक कुलपाने नव्हे; सर्वाधिकार असलेला वापरकर्ता संपूर्ण फ्लॅश नव्याने लिहू शकतो.

सत्यापित बूट हा या विचाराचा नवा अवतार होय. २०१२ मधील लिनक्स ३.४ कर्नलमध्ये समाविष्ट झालेले डीएम-व्हेरिटी हे तंत्र डिस्कवरील प्रत्येक खंड वाचताना त्याची गणिती पडताळणी करते. क्रोमबुक व अँड्रॉइड फोन त्याचा उपयोग करतात. येथे लेखन अडवण्याऐवजी झालेले लेखन ओळखले जाते. त्यामुळे उत्पादकाला नवी आवृत्ती पाठवता येते आणि अद्ययावत ठेवण्याची जुनी अडचण सुटते. मात्र कुलपाची किल्ली घरधन्याकडे न राहता स्वाक्षरी करणाऱ्या उत्पादकाकडे जाते. फ्लॉपीची सरकपट्टी बोटाने हलवता येत होती आणि ती बंद आहे की उघडी हे डोळ्यांनी दिसत होते.

हेही पाहा

• फायरवॉल
• संगणक विषाणू
• फ्लॉपी डिस्क
• लिनक्स
• राउटर
• आयपीव्ही६
• सायबर सुरक्षा